पाटीवरचं शब्दकूट

॥ श्री ॥

उल्हासनगर-४
२२ जून १९८७

ती. विष्णूमामांस अंजनीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही रविवारी सुखरूप घरी पोचलो. सासूबाईंची कंबर अजून धरलेलीच आहे, त्यामुळे आता महिना-दोन महिने मला कात्रपला यायला जमेल असं वाटत नाही.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. माईमामींच्या साठीला सगळे जेवल्यावर तुम्ही शब्दकूट काढलंत, आणि मी पानं उचलायच्या निमित्ताने उठून गेले. तुमच्या लक्षात आलं असेल. मला एकही सूचना कळत नव्हती. रोजच्या पेपरातली साधी कोडी मी सोडवते, त्यात विचारतात तेच हवं असतं. तुमच्यात विचारतात एक आणि हवं असतं दुसरंच. सगळे हसत होते आणि मला वाटत होतं, आता मामा मला विचारतील. मॅट्रिक झालेली बाई, घरात देवाच्या पोथ्या वाचते, आणि दोन अक्षरी शब्द सुचत नाही. मोरीत भांडी घासताना कान तापले होते.

मला शिकवाल का? ह्यांना सांगू नका. मीनललाही नको, आठवीतली पोर आहे, चिडवेल.

तुमच्या मायेवर भार टाकून ही मागणी केली आहे, तो सोसावा.

आपली,
अंजनी


॥ श्री ॥

कात्रप, बदलापूर
२९ जून १९८७

चि. सौ. अंजनी हिस विष्णूमामाचे अनेक आशीर्वाद.

आपल्या दोघांच्या मधे एक अंबरनाथ तेवढे आहे, तरी तू पत्राने शिकायचे म्हणतेस, हे उत्तम. समोर बसवून शिकवले की मी ओरडतो. पस्तीस वर्षे कारखान्यात नकाशे काढले, हाताखालची पोरे रडायची बाकी होती. तुझ्या मामीला विचार.

आता नीट वाच. कूटसूचनेला दोन दारे असतात. एका दारातून साधा अर्थ येतो, दुसऱ्यातून अक्षरांची खटपट. दोन्हीकडून एकच शब्द घरात आला, तर तो खरा. उदाहरणार्थ, 'राधा मागे वळली की वाहू लागते', दोन अक्षरे. राधा उलटी कर. धारा. वाहते ती धाराच. झाले की नाही?

आता हे तू सोडव : 'बागेत मालकाच्या पोटात दडलेला वृक्ष', तीन अक्षरे. बाग आणि मालक विसर, नुसती अक्षरे बघ. सोबत एक छोटा चौकोनही आखून पाठवतो आहे.

न येण्याची लाज नको. कोणालाच पहिल्याने येत नाही.

तुझ्यावर जीव आहेच, तो कोड्यावर ठरत नाही.

विष्णूमामा


॥ श्री ॥

उल्हासनगर-४
१४ जुलै १९८७

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तमाल! दोन दिवस बागेत फिरत होते आणि झाड 'बागेत मालकाच्या' मधेच उभं होतं. देवपूजा करताना सापडलं. हातात उदबत्ती तशीच, आणि मी हसतेय. नंतर देवासमोर नाक घासलं.

चौकोनही सगळा सुटला. कागद नासायला नको म्हणून मीनलची जुनी पाटी काढली आहे. तिच्यावर घरं आखते, उत्तरं भरते, झालं की ओल्या फडक्याने पुसून तांदळाच्या डब्यामागे ठेवते. शेजारच्या सिंधी भाभींनी एकदा पाहिलं आणि विचारलं, भाभी, इस उमर में स्कूल जाती हो क्या? मी वाण्याचा हिशेब करतेय असं सांगितलं. उगीच खोटं बोलले.

काल सासूबाईंनी काढ्यासाठी दोनदा हाक मारली, मला ऐकूच आली नाही. हे बरोबर नाही हे मला कळतं. तरी पुढचा चौकोन पाठवावा.

तुम्ही गुरू झालात, आता शिष्येचे दोष पोटात घालणं आलं.

अंजनी


॥ श्री ॥

कात्रप, बदलापूर
२४ ऑगस्ट १९८७

चि. सौ. अंजनीस अनेक आशीर्वाद.

पाठवलेले पाचही चौकोन सुटले म्हणतेस. पाटीमुळे तुझे काम मला दिसत नाही, पण तुझा शब्द मला पुरे. वाचनालयात सगळ्यांना सांगून ठेवले आहे की माझी भाची दोन महिन्यांत तयार झाली.

आता मोठे काम. दरवर्षीप्रमाणे वाचनालयाच्या दिवाळी अंकाला माझे शब्दकूट द्यायचे आहे. माझ्या मोतीबिंदूचे ऑपरेशन सात सप्टेंबरला ठरले, आणि सध्या मला चौकोनाच्या रेघा दोन-दोन दिसतात. त्यातून एक आडवा शब्द गेल्या वर्षी येऊन गेल्याचे आठवले, म्हणून तो काढून दुसरा घातला. नीट बसला की नाही हे मी पाहू शकत नाही. तू पाहा. प्रत्येक घर भर. अडलीस तर कुठे अडलीस ते कळव, कारण तिथेच माझे काही चुकलेले असू शकते. तू होकार दिलास की छापायला जाईल.

यंदा तुझे डोळे ते माझे, एवढे समजून घे.

विष्णूमामा


॥ श्री ॥

उल्हासनगर-४
३ सप्टेंबर १९८७

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

शब्दकूट पूर्ण सुटलं. कुठे अडलं नाही. छापायला द्यावं.

आमचा दीड दिवसाचा गणपती छान झाला. उकडीचे मोदक ह्यांना आवडले. मीनलला सर्दी आहे. तुमच्या ऑपरेशनसाठी रोज अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करते आहे. माईंनी दगदग करू नये.

घाईत आहे, माया पातळ करू नये.

अंजनी


॥ श्री ॥

कात्रप, बदलापूर
२ नोव्हेंबर १९८७

चि. सौ. अंजनीस माईचे आशीर्वाद.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. डोळा चांगला झाला, जाड चष्मा आला. पण माणूस घरात बसून आहे. दिवाळी अंकातलं ते कोडं चुकलं बाई. वाचनालयात एकतीस जणांची उत्तरं आली, आणि सगळ्यांनी एकच तक्रार केली. आडव्या शब्दाचं उत्तर निवडुंग, त्यातल्या 'व'च्या घरातून खाली दागिना सुरू होतो. आता एका घरात 'व' आणि 'दा' दोन्ही कसे राहतील? जुना शब्द सौदागर होता म्हणे, तेव्हा जुळत होतं. बदलताना खालचा शब्द तसाच राहिला.

फळ्यावर कुणी खडूने लिहिलं, विष्णुपंतांना आता विश्रांती द्यावी. यांनी ते वाचलं. तेव्हापासून संध्याकाळी वाचनालयात जाणं बंद. पुढच्या वर्षीसाठी दुसरा कुणी बघा, असं चिटणिसांना कळवायचं म्हणतात. चौकोनी कागदांचा गठ्ठा बंबात घालायला काढला होता, मी लपवला.

तुला एक विचारते, राग मानू नकोस. तू तर सगळं सोडवलं होतंस ना? मग तुला ते घर कसं नाही दिसलं? हे यांनी तुला कधीच विचारलं नसतं. माझ्याजवळही तुझं नाव काढलं नाही.

मनात काही ठेवू नकोस, आणि आमच्या मनातही ठेवू देऊ नकोस.

तुझी मामी,
माई


॥ श्री ॥

उल्हासनगर-४
५ नोव्हेंबर १९८७

ती. मामांस अंजनीचा शि. सा. न.

वर श्री लिहिताना हात थांबला. तीन सप्टेंबरच्या पत्रावरही श्री होती, आणि तिच्याखाली मी खोटं लिहिलं होतं.

शब्दकूट मी पूर्ण सोडवलं नव्हतं. वीस शब्दांतले अकरा आले. तुमचे आधीचे पाच चौकोनही सगळे सुटले नव्हते, पहिलाच काय तो खरा. बाकीच्यांत चार-दोन शब्द राहायचे आणि मी सुटलं म्हणून कळवायचे. तुम्ही शाबासकी द्यायचात, मग पुढच्या वेळी नाही म्हणायला तोंड उरायचं नाही.

पण सगळ्यात वाईट ते पुढेच आहे. ते घर मला दिसलं होतं. दागिना मला आला होता. मग आडव्यात निवडुंग बसवायला गेले तर 'व'च्या जागी 'दा' येत होता. तीनदा पुसलं, तीनदा भरलं. मला वाटलं, मामांचं कसं चुकेल, मीच मठ्ठ. तुम्हाला विचारलं असतं तर माझं अडाणीपण उघडं पडलं असतं, म्हणून ओलं फडकं फिरवलं आणि तुम्हाला लिहिलं, कुठे अडलं नाही. तुम्ही कळव म्हणाला होतात ते नेमकं हेच होतं. हे मला माईंचं पत्र वाचून समजलं.

तुमचं डोळ्याचं ऑपरेशन चार दिवसांवर होतं आणि मी मोदकांच्या गोष्टी लिहीत होते. एकवीस आवर्तनं केली, ती कुठल्या तोंडाने केली ते देवालाच माहीत.

वाचनालयाच्या चिटणिसांना मी पत्र लिहिते. चूक तपासणारीची आहे, विष्णुपंतांची नाही, असं माझ्या नावानिशी फळ्यावर लावावं. तुम्ही हो म्हणा. ह्यांनाही काल सगळं सांगितलं. त्यांनी तांदळाच्या डब्यामागची पाटी उचलून टेबलावर ठेवली.

मायेची आठवण करून द्यायचा आज मला हक्क नाही.

अंजनी


॥ श्री ॥

कात्रप, बदलापूर
१३ नोव्हेंबर १९८७

चि. सौ. अंजनीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण मी रागावलो होतो. पहिले दोन दिवस माईने मला पेन दिले नाही. अजूनही राग आहे, तो आहे म्हणून सांगतो.

चिटणिसांना पत्र लिहू नको. शब्द मी बदलला, खालचा बघायचा मी विसरलो. चूक माझी. ती तुझ्या नावावर लावून मी वाचनालयात जाणार नाही.

पण एक गोष्ट समजून घे. अंक छापायच्या आधी हा चौकोन मी, चिटणीस आणि छापखान्याचा माणूस, तिघांच्या हातांतून गेला. चूक सापडली ती एकट्या तुला. आणि तीच तू पुसलीस. खोटे बोललीस याचे वाईट वाटले, त्याहून याचे वाटले. नकाशावर रेघ चुकली तर शिपायानेही साहेबाला दाखवावी, हे मी कारखान्यात पस्तीस वर्षे सांगत आलो आणि घरच्या मुलीला सांगायचे राहिले. उलट गावभर तुझी तारीफ करत सुटलो. तुझी पाटी मीही कधी मागितली नाही.

सोबत नवा चौकोन आहे. सतरा शब्द. पाटी बंद. कागदावर, शाईने, खोडाखोडीसकट परत पाठव. जे येणार नाही ते घर कोरे ठेव. कोरी घरे मला भरलेल्यांपेक्षा जास्त उपयोगी आहेत. पुढच्या वर्षीचे द्यायचे की नाही, ते तुझा कागद आल्यावर ठरवीन. तोवर चिटणिसांना काही कळवत नाही.

राग ओसरेल, तुझ्यावरचा जीव ओसरायचा नाही.

विष्णूमामा


॥ श्री ॥

उल्हासनगर-४
२९ नोव्हेंबर १९८७

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

कागद सोबत आहे. मीनलच्या वहीचं पान घेतलं, तिला विचारून. ती शेजारी बसली होती, एक शब्द तिचा आहे, त्यावर खूण केली आहे.

दहा सुटले. सहा कोरे आहेत. ते बघून पोस्टात टाकायला दोनदा जाऊन परत आले. एका ठिकाणी तीनदा खोडलं आहे, वाचता येईल असंच खोडलं आहे.

राहिलं आडवे नऊ. तुमची सूचना चार अक्षरं म्हणते आणि घरं पाच आखली आहेत. मी चार वेळा मोजली, मग ह्यांना मोजायला लावली. पाचच आहेत. मामा, इथे तुमचं चुकलंय. लिहिताना लाज वाटते आहे, पण शाईने लिहिलं आहे.

कागद मिळाल्याचं कळवावं.

आपली,
अंजनी