चिठ्ठीवरचं गाव

सर,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसले आहे, तेही कॉलेजच्या प्रयोगशाळेत, तुमच्याच टेबलाशी. हे पत्र कुठे टाकायचं नाही की कुणाला दाखवायचं नाही. तुमच्या एका भुंगेऱ्याला तुमचं नाव मिळतंय. तिसऱ्या पेटीतला तो राखाडी, बोटाच्या पेराएवढा, अंगापेक्षा लांब मिशांचा. टाचणीला टोचलेल्या किड्यांच्या तुमच्या पेट्या तुमच्या मागे कॉलेजात आल्या आणि माझ्या ताब्यात राहिल्या. दोन वर्षांपूर्वी एक संशोधक बाई आल्या, एकेक पेटी बघता बघता त्याच्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हा वेगळाच आहे. याला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही." मला आनंद व्हायला हवा होता. माझी नजर आधी त्याच्या टाचणीखालच्या चिठ्ठीवर गेली.

नावांचं तुम्हाला भारी वेड. इंग्रजीवरून कुणी 'लांब शिंगांचा भुंगेरा' म्हणालं की तुम्ही करवादायचात. "शिंगं कसली आलीत? मिशा आहेत त्या. शिंगं फुटलीत ती नाव ठेवणाऱ्याला." आंब्याचं खोड पोखरून भुसा पाडणारा भिरूड, त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ तांबड्या ठिपक्यांचा, हे तुम्हीच सांगितलंत. आणि पेटीत चार वर्षं राहिला की ते ठिपके पार फिके पडतात, म्हणजे नाव फक्त जिवंतपणीचं, असंही म्हणालात. आपण गावोगाव हिंडायचो तेव्हा तुमच्या चिमटीत भुंगेरा कुरकुरत असायचा आणि तुम्ही दिसेल त्याला विचारायचात, ह्याला तुमच्यात काय म्हणतात? एका बागेत तारेने खोडातल्या अळ्या उपसत बसलेला म्हातारा मानही वर न करता म्हणाला, "झाड खातो तो भिरूड. खात नाय तो नुसता किडा. त्याला नाव कशाला पायजे?" तुम्ही ते वहीत उतरवून घेतलंत. परतताना एसटीत म्हणालात, नाव नेहमी ज्याचं नुकसान होतं तोच ठेवतो.

पण नावापेक्षा तुमचा जीव चिठ्ठीवर. भुंगेऱ्याच्या खाली त्याच टाचणीला टोचलेली नखाएवढी चिठ्ठी, तिच्यावर गाव, झाड आणि तारीख. मी विद्यार्थिनी असताना पहिल्या चिठ्ठीवर नुसतं 'रत्नागिरी' लिहिलं होतं. ती तुम्ही सगळ्या वर्गासमोर माझ्या पुढ्यात टाकलीत. "रत्नागिरी केवढी आहे ठाऊक आहे? जीव घेतलायस ना त्याचा? मग निदान तो कुठे राहत होता ते तरी नीट लिही. नाव उद्या कुणीही ठेवील. गाव चुकलं तर हा फुकट मेला." मी घरी जाऊन रडले होते. आणखी एक नियम तुम्ही आमच्याकडून घोकवून घेतला होतात, तोच पुढे तुमच्या मुळावर आला. आपलं डोकं एक सांगतंय आणि चिठ्ठी दुसरं, असं झालं तर चिठ्ठी खरी धरायची.

मी कॉलेजात तुमच्या हाताखाली नुकतीच लागले होते तेव्हा तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लेकीकडे मुंबईला गेलात आणि घराची आणि पेट्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिलीत. गणपती होऊन गेलेले, हवा ओलसर, तिसऱ्या पेटीत भुंगेऱ्यांवर पांढरी बुरशी धरलेली. स्पिरिटच्या ब्रशाने एकेक पुसायचा, त्याची चिठ्ठी त्याला परत टोचायची, मगच दुसऱ्याला हात लावायचा, ही तुमची पद्धत. मला घाई. तुम्ही याल तेव्हा पेटी चकाचक दिसायला हवी होती. स्पिरिटने शाई पसरेल म्हणून मी शहाणपणा केला, सगळ्या चिठ्ठ्या आधीच काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या. वीज गेलेली होती. पंख्याचं बटण चालूच राहिलंय हे माझ्या ध्यानात नव्हतं. वीज आली आणि चाळीसेक चिठ्ठ्या खोलीभर उडाल्या. टेबलाखाली, कपाटामागे रांगत मी सगळ्या वेचल्या. एकही हरवली नाही याचाच मला मूर्खासारखा आनंद झाला. कुठली कुणाची ते दहाबारांचंच ठाऊक होतं. बाकीच्या मी अंदाजाने टोचल्या. सर आले की सांगू, असं म्हणत टोचल्या.

तुम्ही काळा चष्मा लावून आलात, पेटी उघडलीत आणि म्हणालात, "अगो, नव्यासारखी केलीस की." मग खिशातून तुमचं पितळी भिंग काढून माझ्या हातावर ठेवलंत. म्हणालात, मला नवे डोळे मिळालेत, हे आता तुला. त्या घडीला तोंड कसं उघडणार होते मी? उघडता आलं असतं. आलंच असतं.

मग तो डिसेंबरमधला दिवस. तुमच्या मांडवीच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिसरी पेटी उघडी आहे, काकू आमटीला फोडणी देतायत, आणि तुम्ही तो राखाडी भुंगेरा टाचणीसकट खिडकीच्या उजेडात धरून चिठ्ठीवरचं गाव वाचताय. "नाटे? हा नाट्याचा नव्हे गो. हा मी केळशीला धरला. फणसाच्या वाळक्या फांदीवर. चावला होता मला." तुम्ही चिठ्ठी उलटसुलट करून बघता. अक्षर तुमचंच. काकूंना विचारता, "केळशीहून आलो तेव्हा बोटाला हळद लावली होतीस ना?" काकू म्हणतात, "तुमची बोटं काय कमी वेळा सोललीत? मला नाही आठवत." सर, तुमचंच बरोबर आहे. एवढे चार शब्द. ते माझ्या जिभेवर होते. मी म्हणाले, काकू, आमटीला वास काय सुरेख सुटलाय.

तुम्ही चिठ्ठी खरी धरलीत. पेटीत तसं आणखी सापडत गेलं आणि दरवेळी तुम्ही स्वतःलाच खोटं पाडलंत. मार्चपर्यंत पेट्या उघडणं बंद झालं. काकूंनी मला दारात गाठून सांगितलं, "गॅस बंद केलाय का ते दहादा बघतात हल्ली. म्हणतात, माझं डोकं कामातून गेलंय, मला एकट्याला बाहेर सोडू नको." अख्खा जिल्हा पायाखाली घातलेला माणूस. तुमच्या डोक्याला काही झालं नव्हतं, शेवटपर्यंत नव्हतं, आणि हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. चार वर्षं तुम्ही ओटीवर बसून काढलीत आणि मी दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येत राहिले. तुम्ही गेलात ते स्वतःवरचा विश्वास गमावून गेलात. त्या दिवशी पंख्याखाली झाली ती चूक होती. पुढची चार वर्षं मी जाणूनबुजून गप्प बसले, त्याला काय म्हणतात ते मला लिहवत नाही.

त्या संशोधक बाई दोन पावसाळे नाटे गावात हिंडल्या. एकही मिळाला नाही. आता लेखात लिहितायत की तिथून तो बहुधा नाहीसा झाला असावा. केळशीत असेल सर, एखाद्या फणसाच्या वाळक्या फांदीत कुरतडत बसला असेल, आणि तिथे कुणी बघायला जाणार नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी फोनवर सरळ विचारलं, "मॅडम, पेट्या तुमच्या देखरेखीत होत्या. चिठ्ठ्यांना कधी कुणी हात लावलाय का?" मी म्हणाले, "अक्षर सरांचंच आहे." त्या म्हणाल्या, "मग प्रश्नच मिटला." खोटं बोलले नाही असं म्हणायलाही मी मोकळी.

मनाची समजूत घालून पाहिली. खरं सांगितलं तर अख्खी पेटी बाद होईल, तुमची इतक्या वर्षांची पायपीट बाद होईल, नाव लागता लागता राहील. पण तुम्हाला स्वतःच्या नावाची हौस कधीच नव्हती, हे मला कळत नाही असं नाही. लेख अजून छापायला गेलेला नाही, उद्या सकाळी एक फोन केला तरी दुरुस्त होईल. मी तो करणार नाही. मी स्वतःला चांगली ओळखून आहे. काल लेखाचा मसुदा आला. हे नाव कुणावरून ठेवलं आणि का, यावर त्यात एक परिच्छेद आहे, तुमच्याविषयी मनापासून लिहिलाय. तो मी नंतर वाचला. आधी शेवटच्या पानावर गेले, जिथे आभार मानलेत तिथे माझं नाव आहे का ते बघायला. आहे. पहिलंच आहे.