मक्याच्या अल्कोहोलवरचा फेस

माननीय अग्निशमन प्रमुख श्री. मर्ल टोर्सन यांस,

शेजारच्या गावचा अग्निशमन प्रमुख ऑर्विल टोर्सन याचा (म्हणजे आपल्या धाकट्या भावाचा) सविनय नमस्कार. आपली व वहिनींची प्रकृती ठीक असावी. (वहिनींच्या गुडघ्याची चौकशी आमच्या हिची, लोइसची आहे. मी फक्त लिहितोय.)

मंगळवारच्या टँकरबद्दल आपल्या कानावर उलटसुलट आलं असेल, म्हणून खरं काय ते कळवतो. टँकर मक्याच्या अल्कोहोलचा, आणि उलटला नेमका आमच्या धान्यकोठारापाशी. ड्रायव्हर धडपडत बाहेर पडला आणि मागे जाळ. आम्ही स्वयंसेवक हातातली कामं टाकून धावलो. (न्हावी तर अर्धी दाढी सोडून आला. ती दाढी माझी होती.) आमच्याकडे गवताच्या आगीवर मारायचा फेस. गंजीत, लाकडात पाणी मुरवायला त्याच्यासारखा दुसरा नाही, हे आपणही मान्य कराल. तो मारला. पांढराशुभ्र ढीग पडला आणि बघता बघता विरघळला, कारण अल्कोहोल फेसातलं पाणीच पिऊन टाकतं. मग खुरं-शिंगांपासून केलेला जुना फेस काढला. तो तेलाच्या आगीवर सायीसारखा बसला की हलत नाही. त्याच्या वासाने आमचे दोघे मात्र हलले. तोही गेला. जाळ कोठाराच्या भिंतीपर्यंत आला, आणि आत सगळ्या गावाचा मका.

तेवढ्यात आपण आपला फेस घेऊन आलात. अल्कोहोलवर चिवट पापुद्रा धरणारा हा फेस घ्या, असं आपण जिल्ह्यातल्या अग्निशमन दलांच्या जेवणात सांगितलं होतं. तेव्हा मी म्हणालो होतो, "मर्ल, आमच्याकडे गवत पेटतं. दारू पेटवायला कुणाला परवडतं?" सगळे हसले, आपण भरलं ताट ठेवून निघालात, आणि तेव्हापासून आपलं बोलणं बंद. मंगळवारीही आग विझवून आपण मुकाट्याने पाइप गुंडाळलेत. आमची मंडळी म्हणतात, "एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं." मलाही वाटलं असतं.

असो. आमची तक्रार नाही, आमचं आम्ही बघून घेऊ. कळावे.

आपला,
ऑर्विल

ता. क. आमचा सराव गुरुवारी असतो. आपला फेस म्हणे थेट जोरात मारायचा नसतो, आडोशावर मारून अलगद ओघळू द्यायचा असतो. आमच्यात अलगद काही करता येणारा एकही माणूस नाही. लोइस राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल करणार आहे.

आणखी ता. क. मी पत्र लिहिलंय हे इथे कुणाला माहीत नाही. तू आपणहून आलास असं सांग.

शेवटचा ता. क. सगळा फेस संपला होता. माणसांना थांबा म्हणू की पळा म्हणू, मला कळेना. फार घाबरलो होतो. वळणावर तुझी गाडी दिसली तेव्हा सगळे ओरडले, फेस आला. मला एवढंच वाटलं, दादा आला.