भर दौडीत चहा

प्रिय दादा,

काल वर्ध्याची दौड झाली. तुझ्याशिवायची पहिली. तू हे वाचणार नाहीस, कळतं रे मला. पण काल घरात जे झालं ते तुला नाही तर कोणाला सांगू?

संध्याकाळी गोपाळ आला, कापूस बाजारात तुझ्यासोबत गासड्या उचलणारा. दौडीतही दरवर्षी तुझ्या बरोबरीनं असायचा तोच. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "सिंधूबाई, एक सांगा. दादाच्या पोटात दर साली इथंच कळ काऊन येत होती? मले म्हणे, तू हो समोर, मी येतो."

पोटात कळ? अरे लबाडा!

तू तर आमच्या घरात बसून चहा पीत होतास! वर्ध्याहून सेवाग्रामला जायचं, वळसा घालून परत यायचं, आणि माझं सासर नेमकं वाटेत. बहिणीच्या दारावरून माहेरचा माणूस पाणी न घेता कसा जाईल? मी दाराआडून खुणा करायची, जा, जा! तू पाय धुऊन सासूबाईंच्या पाया पडायचास, वर विचारायचास, "म्हैस व्याली काय?" त्या म्हणायच्या, "बस बापा, च्या मांडला." आणि तू बसायचास! बाहेरून पोरं धपाधप पुढे निघून जायची आणि तू बशीत फुंकर घालायचास. असा राग यायचा तुझा!

ही दौड सुरू कशी झाली तेही तू कधी धड सांगितलं नाहीस. एकदा म्हणालास, कॉलेजची पोरं आणि बाजारातले हमाल यांच्यात पैज लागली. पुढच्या वर्षी म्हणालास, एका मास्तरांनी ग्रीस देशातल्या धावणाऱ्याची गोष्ट सांगितली, मॅरेथॉन का काय, तिथून हे खूळ शिरलं. खरं काय रे?

बाजारात लोक म्हणायचे, याचा दम अर्ध्या वाटेत तुटतो. तू मुकाट ऐकून घेतलंस. एकदा तरी पहिलं यावं, असं तुला वाटलं नाही?

काल काय बोलावं ते मला सुचेना. खरं सांगावं, तर दोष सासूबाईंवर जाणार, आणि त्या चुलीपाशीच बसलेल्या. न सांगावं, तर तू कायमचा कच्च्या दमाचा ठरणार. तेवढ्यात त्याच बोलल्या.

"कळ नव्हती रे त्याले. म्याच बसवलं दर साली. ते शर्यत हाय, हे मले कोठं माईत? मले वाटे, बहिणीले भेटाले धावत येते पोरगा."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तू गेलास तेव्हाही त्या माझ्यासमोर रडल्या नव्हत्या.

दादा, त्यांचं चुकलं होतं का रे? तू नेमका कशासाठी धावत होतास?

येत्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी वर्ध्याला जाणार आहोत. सगळ्या हमालांसमोर सासूबाईच सांगणार आहेत. त्या अडखळल्या तर मी सांगीन, पण तुझा दम कधीच तुटला नव्हता, हे बाजाराला ऐकवल्याशिवाय परतणार नाही.

तुझीच,
सिंधू