सिसू आणि माझी दाढ

४ ऑगस्ट
दाढ ठणकते. डॉक्टरकडे निघणारच होते, तेवढ्यात नातीचा, ऐश्वर्याचा, फिनलंडवरून व्हिडिओ कॉल. वीस तारखेला सासूला घेऊन येते म्हणे कोलशेतला. हेल्मीबाई नाव. त्यांच्यात एक शब्द आहे, सिसू. सगळं संपलं तरी माणूस ज्याच्या जोरावर तग धरतो, तो सिसू. मूळ शब्द पोटातल्या आतल्या भागाचा. म्हटलं, मग वजडी म्हण की सरळ! तिसरीपर्यंतच शिकले, पण मला एवढं कळतं.
ठरलं. विहीण यायच्या आत सिसू शिकायचा, दाढ काढून टाकायची. सुजका गाल घेऊन मी पाहुण्यांपुढे बसणार नाही.

६ ऑगस्ट
दवाखान्यात निघालेले. जिन्यात शेजारची कलावती. दाराबाहेरच्या माझ्या चपला पार जिन्यापाशी, हिनेच सरकवल्या असणार. पिशवीत नारळ होता. डोक्यात नाही घातला, खांद्यात घातला. म्हणाली, म्हातारे, मस्ती आली का? म्हटलं, मस्ती नाही भवाने, सिसू.
दवाखाना बंद झाला असेल म्हणून परत आले.

९ ऑगस्ट
गाल पावासारखा फुगलाय. सून रसिका म्हणाली, आई, अपॉइंटमेंट घेते. मी तिच्यावर लाटणं फेकलं. हुकलं. फ्रिजला पोचा.
ऐश्वर्याला कळवलं, आठवड्यात दोनदा सिसू केला. म्हणाली, आजी, सिसू करत नाहीत, तो असतो माणसात. आणि मारामारीला नाही म्हणत, गप्प राहून सोसण्याला म्हणतात.
गप्प राहून? तिकडच्या लोकांना त्यांचाच शब्द नीट समजलेला दिसत नाही.

१४ ऑगस्ट
माजिवड्याला खुर्चीत बसले एकदाची. पोरगेला डॉक्टर. सुई बघितली. चांगल्या बाजूने चावले त्याला. ट्रे उडाला, नर्स ओरडली. डॉक्टर म्हणाला, आजी, परत येऊ नका.
मी घाबरले असं कुणी समजू नये. त्याच्यातच सिसू कमी.

२० ऑगस्ट
ऐश्वर्याबरोबर हेल्मीबाई आल्या. काठीसारखी बाई, तोंडातून शब्द नाही. वजडी वाढली. मुकाट्याने खाल्ली, परत मागितली. मला घास चावेना. तिने माझा गाल बघितला, उठली, चपला घातल्या आणि माझा दंड धरला. निघाली मला डॉक्टरकडे घेऊन. मी रसिकाला बुक्की मारली, रिक्षावाल्याला छत्री. बाईची पकड काही सुटेना.

२१ ऑगस्ट
दाढ गेली. कालच टेंभी नाक्याच्या डॉक्टरने काढली. मी हूं की चूं केलं नाही. रसिका म्हणते, तुमचं ओरडणं ऐकून बाहेरचे दोन पेशंट पळाले. खोटारडी.
हेल्मीबाईंचा हात धरलेला मी. जरासा पिळला असेल. आज एक्सरे काढला, दोन बोटं मोडलीत. काल घरी येईपर्यंत कुणाला पत्ता नाही. बाई बोललीच नाही. आता प्लास्टर बांधून बसलीय, आणि दुसऱ्या हाताने मला पेज भरवते.
एका दिवसात शिकवला तिला सिसू. शब्द त्यांचा, पण शिकायला कोलशेतलाच यावं लागलं.