नायिकेचा आवाज

प्रिय अम्मा, तुला आणि नान्नांना वाकून नमस्कार.

तेलुगू सिनेमात तेलुगू मुलीलाच दुसरीचा आवाज का लावतात, असं तू फोनवर विचारलंस. घरातली पहिली पदवीधर मी, पण याचं उत्तर मला येत नाही.

मी मजेत आहे. दोन्ही वेळ डाळीचं पप्पू आणि भात जेवते. काजूच्या टरफलातल्या तेलाने सोललेले तुझे हात बरे झाले का?

मंगळवारी माझ्या सिनेमाच्या डबिंगला गेले, तर दिग्दर्शक म्हणाले, "चेहरा छान आहे गं तुझा, पण तुझं श्रीकाकुळमचं बोलणं ऐकून लोक हसतील. आवाज सुगुणाअक्का देतील."

"सर, सिनेमातली मुलगी आमच्या श्रीकाकुळमकडच्याच पलासात काजू सोलते. ती हैदराबादच्या मुलीसारखं कशी बोलेल?"

सुगुणाअक्का तीस वर्षं नायिकांना आवाज देतायत. त्या हसल्या. "मला नाही बाबा जमायचं ते. बोलू दे की पोरीला!"

मी बोलले. दिग्दर्शकांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "राहू दे हाच."

त्यांच्या पुढच्या सिनेमातही नायिका मीच असणार होते, पण आवाज दुसरीचा, अशी करारात अट होती. नान्नांना जरा समजावून सांग. तो करार मी काल सही न करता परत पाठवला.

तुझी,
नागवेणी