माझ्या वाट्याची अर्धी गोळी

तीर्थस्वरूप ताईस, धाकटीचा लोटांगण घालून नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली कागदावरच घालते.) तुझे डोळे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? अक्षर बारीक काढलंय ते कागद कमी लागावा म्हणून. भिंग घेऊन वाच, आणि भावोजींना दाखवू नकोस, ते लगेच यांना सांगतील. फोनवर बोलले असते, पण फोन यांच्या खुर्चीशेजारी आहे. इकडे सर्व मजेत, असं लिहायची रीत म्हणून लिहिलं. मजेत कोणी नाही.

झालं असं, की देवळात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एका सेवा मंडळाची समाजसेविका आली होती. म्हणाली, मनाचा आजार असलेली कितीतरी माणसं एकटी राहतात, त्यांना औषध मिळतं पण सोबत मिळत नाही. आठवड्यातून एक दुपार जाऊन बसायचं, बस्स. वर्गणी नाही म्हटल्यावर माझा हात आपोआप वर गेला. (बाकीच्या बायका तेवढ्यात चपला शोधायला गेल्या.) मग शिकवणी झाली. बरं करायला जायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, देवाचं सांगायचं नाही. मी विचारलं, मग उरलं काय? म्हणे, बसणं. ताई, तुझ्या बाळंतपणात मी सुईणीलाही शिकवत होते, मला नुसतं बसता येतं का? तरी बसले. वार माझ्या उपासाचा घेतला, म्हणजे कोणाला चहापाण्याचा त्रास नको.

माझ्या वाट्याला आली टेलिफोनबाई. पूर्वी टेलिफोनच्या कचेरीत लोकांना लाइन जोडून द्यायची, म्हणून हे नाव. चौथ्या मजल्यावर एक खोली, खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली. पहिल्या दिवशी तिने दाराआडूनच सांगितलं, लाइन व्यस्त आहे. मी जिन्यात बसले. बऱ्याच वेळाने दार उघडून म्हणाली, बोला. आणि बोलायचीच तर मला बंदी!

तिला तारेवरून कोणीतरी सांगतं की अन्नात काहीतरी कालवलंय. त्यामुळे मी नेलेलं बिस्किट तिने मोडून अर्धं माझ्यापुढे सरकवलं: आधी तुम्ही. मी म्हटलं, माझा उपास आहे. यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही चोर रंगेहाथ सापडला. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळी तेच. शेवटी लग्नापासून पाळलेला उपास मी अर्ध्या बिस्किटावर मोडला. (घरखर्चात बिस्किटं कुठे मांडायची, धर्मात की चैनीत, हे अजून ठरलेलं नाही.) देवाला म्हटलं, तुझं तू बघ, ही जेवली पाहिजे. आणि ती जेवायला लागली, ताई. एकदा तर हसली.

इथेच थांबायला हवं होतं. पण माझ्या दुपारीच तिच्या गोळीची वेळ यायची, आणि एके दिवशी तिने गोळीही मोडली. समाजसेविकेला कळवायचं, हे मॅट्रिक झालेल्या बाईला समजू नये? पण ती आपली अर्धी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मी गिळली. (वाया कशाला घालवायची, हेही मनात आलं.) परतताना बसमध्ये अशी झोप लागली की ड्रायव्हरने शेवटच्या थांब्यावर उठवलं. यांना वाटलं, उपास बाधला. पुढे मी माझी अर्धी रुमालात थुंकत असे आणि स्वतःला फार हुशार समजत असे.

मग एका दुपारी खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, जिन्यात सगळ्या तारा तोडत होती, हॉस्पिटलची गाडी घेऊन गेली. मी धावत गेले. खाटेवर बसली होती, मूठ आवळून. मला पाहून मूठ उघडली, आत काडेपेटी. म्हणाली, "तुमचा वाटा. रोज काढून ठेवला."

काडेपेटीत अर्ध्या गोळ्या होत्या. भरून.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता चष्मा पुसला. मंडळाने माझं नाव काढून टाकलं, योग्यच केलं. आता मी साधी भेटणारी म्हणून जाते आणि हॉस्पिटलच्या पावातला अर्धा खाते, कारण त्याशिवाय ती तोंड उघडत नाही. गोळ्या नर्स पाण्यात विरघळवून देते. त्यातलं पाणी मला मिळत नाही, हे तिला अजून पटलेलं नाही.

खोलीचं भाडं भरणाऱ्या तिच्या भावाने कळवलंय, खोली सोडतो, तिला कायमच्या संस्थेत ठेवा. मी ती संस्था पाहून आले. स्वच्छ आहे. एवढ्या खाटांमागे दोन नर्सा. तिथे अर्धं खायला कोण बसणार? डॉक्टर म्हणतात, गोळी नीट देणारं घर असेल तर सोमवारपर्यंत सांगा. देवाला रोज विचारते. त्याचीही लाइन व्यस्त आहे.

बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार.

तुझी,
करायला गेली एक, ती धाकटी

ता. क. यांना मी सांगितलंय की सोमवारी ताई येतेय, डोळ्याचं ऑपरेशन आहे, मागच्या खोलीत राहील. तेव्हा तू फोन करून यांना तसंच सांग. आणि येऊ नकोस, तुझ्या जागी मी टेलिफोनबाईला आणीन. आवरलेली खोली रिकामी ठेवणं यांच्या स्वभावात नाही, एवढाच माझा आधार आहे. खोटं बोलल्याबद्दल देवापुढे कान धरलेत, तुझेही त्यात धरलेत.

पुन्हा ता. क. काल यांनी मागच्या खोलीत मोठा दिवा लावला, तुझ्या डोळ्यांसाठी. कोणी न सांगता. तेव्हापासून मला यांच्याकडे बघवत नाही. तिच्याकडे बघून हे काय म्हणतील, देव जाणे.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवलेलं पुन्हा उघडलं. आज तिला विचारलं, माझ्या घरी येशील का. ती बराच वेळ कान देऊन बसली, मग म्हणाली, "घरात आणखी कोण?" घाईत तोंडातून निघून गेलं, हे आहेत, आणि ताई येणार आहे. तिने हातातल्या बिस्किटाकडे पाहिलं, दोनाऐवजी चार तुकडे केले आणि यांचा नि तुझा असे दोन कागदात गुंडाळून उशीखाली ठेवले. त्यामुळे मघाचं 'येऊ नकोस' खोडते. ये.