जनरेटरचा स्क्रू

अहो,

आक्काला बघायला जयसिंगपूरला चाललेय, उद्या दुपारी येते. आमटी तेवढी गरम करून घ्या.

मिस्त्रीला बोलवून जनरेटरचा वेग कमी-जास्त करायचा स्क्रू होता तिथं परत लावून घेतलाय. आता हात लावू नका. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरलं तरच करंटला पन्नासची फ्रिक्वेन्सी मिळती म्हणे. तुम्ही आवाज कमी व्हावा म्हणून इंजिन मंद करताय, अन् हिकडं पंखा रेंगाळतोय, फ्रिजची मोटर तापून दूध नासतंय.

लाईट गेल्यावर आपल्या अक्षताचा फोन आला की तुम्हाला नेमकं मागं परड्यात जनरेटरपाशी काम निघतं, ते काय मला कळत न्हाय व्हय? तिनं तिच्या मनानं लग्न केलं, तुम्ही बोलणं टाकलं. पण इंजिनाचा आवाज उतरला की ती तिकडनं म्हणते, "आबा ऐकाय लागलं वाटतं." मग मोठ्यानं बोलत राहते.

माझा मोबाईल फ्रिजवर हाय. विसरले न्हाय, ठेवलाय. संध्याकाळी तिचा फोन येईल. लाईट नसली तर जनरेटर बंदच करा आणि उचला. अंधारात तुमचं तोंड कुणाला दिसणार हाय?

शालन